मुलांचे निबंध गाईडातून बाहेर कसे काढायचे? आणि एका वहीवर लाल शाई चालवू की नको?

मलप्रभेकाठची बाई

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका खेड्यात मी हायस्कूलला मराठी शिकवते. नोकरीचं हे सहावं वर्ष. इथं बरेच शिक्षक आणि जुनी वाचक मंडळी आहेत म्हणून विचारते.

प्रतिभा कारंजीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या शालेय स्पर्धांच्या, तयारीसाठी आठवी-नववीला मी निबंधाचे चार विषय दिले होते: इतिहासातली आवडती व्यक्ती, आवडता लेखक, आवडता खेळ, आवडता कलावंत. ३८ वह्या आल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वह्यांचा गठ्ठा घरी आणला आणि दिवेलागणीपर्यंत वाचत बसले. खेळावर लिहिणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: ‘मानवी जीवनात खेळाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ शेवटचं वाक्यही एकच. मधे क्रिकेट. आमच्या शाळेला क्रिकेट खेळायला मैदान नाही. पोरं दुपारच्या सुट्टीत खो-खो खेळतात, त्यातल्या दोन मुली तर अशा पळतात की बघत राहावं. त्या दोघींनीही क्रिकेटवरच लिहिलं आहे.

इतिहासाचं त्याहून वाईट. शिवाजी महाराजांवर अकरा निबंध. सगळ्यांत शिवनेरी, रायरेश्वर, अफझलखान, आग्रा, राज्याभिषेक, बस. दक्षिणदिग्विजयावरून परतताना महाराजांच्या फौजेची गाठ आमच्याच जिल्ह्यातल्या बेलवडीला मल्लम्मा देसाईणीशी पडली, हे एकाही वहीत नाही. गांधीजींवर सहा. पोरबंदर आहे, दांडी आहे. काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एकदाच भूषवलं आणि ते बेळगावात, डिसेंबर १९२४ मध्ये, हे नाही. त्या अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीतली विहीर मुलांनी सहलीत वाकून पाहिली आहे. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी दिली. माझ्या वर्गातल्या चार मुली दर आठवड्याला नंदगडच्या बाजाराला जातात. रायण्णावर निबंध एकच, आणि तो कन्नडच्या पुस्तकातल्या धड्याचं मराठी.

मुलं आळशी आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. आपल्या घरचं, आपल्या गावचं कागदावर लिहायच्या लायकीचं नसतं, असं त्यांच्या मनात कुणीतरी घालून ठेवलंय. मीसुद्धा असेच निबंध पाठ करून पास झाले.

आता खरी अडचण. या ३८ मध्ये एक वही वेगळी निघाली. नववीतला मुलगा. वर्गात तोंड उघडत नाही, मागच्या बाकावर खिडकीशी बसतो. वडील मराठी, आई बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी. ‘माझा आवडता खेळ’ या विषयावर त्यानं दीड पान लिहिलंय. जसंच्या तसं देते:

‘आमचा आज्जा पैलवान हुता. आता त्याचं गुडघं धरल्यात. आमच्या घरामागं गरडी हाय. तिच्यात आता कोण खेळत न्हाई. बाबानं लाकडं ठेवलाय. मी लहान आसताना बघितलो, आज्जा मातीत ताक वतुलालता. मी म्हटलो, आज्जा माती ताक पितीय काय. आज्जा म्हटला, ही माती न्हाई, हे औषध हाय. पडलं तर लागत न्हाई, लागलं तर पिकत न्हाई.’

पुढं आणखी आहे. हलगी वाजली की आज्जा अजून खुर्चीत ताठ बसतो, हेही लिहिलंय. शुद्धलेखनाच्या चुका मी मोजल्या आणि सतरावर थांबले. परिच्छेद नाहीत. प्रस्तावना नाही, समारोप नाही. पण ३८ वह्यांत एवढ्या एकाच वहीतल्या माणसाचा आवाज मला ऐकू आला.

मुख्याध्यापक भले माणूस आहेत. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, ‘बाई, छान आहे, पण हे तालुक्याला पाठवता येणार नाही. परीक्षक पहिल्याच ओळीला बाजूला ठेवतील.’ खोटं नाही ते. मग मी काय करू? सतरा ठिकाणी लाल खुणा केल्या तर हा मुलगा पुढच्या वेळी ‘मानवी जीवनात खेळाला’ असंच लिहिणार, याची मला खात्री आहे. नाही केल्या तर त्याला भाषा कधी यायची? वही तीन दिवस माझ्या टेबलावर पडून आहे.

निपाणीचे गुरुजी

बाई, वही परत द्यायला आणखी उशीर करू नका. मुलं वहीची वाट बघत असतात, दाखवत नाहीत.

मी निपाणी भागात ३१ वर्षं शिकवलं. सुरुवातीची दहा वर्षं मीही लाल शाईवाला. नंतर एक सवय लावून घेतली. पहिल्या वाचनाला हातात फक्त शिसपेन्सिल. चूक दाखवायची नाही, समासात प्रश्न लिहायचा. तुमच्या मुलाच्या वहीत मी लिहिलं असतं: माती कुठून आणली? ताक किती? आज्जा शेवटचा कधी खेळला? बाबांनी लाकडं ठेवली तेव्हा आज्जा काय म्हणाला? या प्रश्नांची उत्तरं घेऊन मुलगा दुसऱ्यांदा लिहील. तो खर्डा चार पानांचा होईल. शुद्धलेखन तिसऱ्या वेळी, आणि तेही एका वेळी एकच गोष्ट. या आठवड्यात फक्त ‘हाय’चं ‘आहे’. पुढच्या आठवड्यात पूर्णविराम. सतरा चुका एका दिवशी सुधारलेला मुलगा मी तरी पाहिला नाही.

दुसरं, विषयाबद्दल. ‘आवडती व्यक्ती’ म्हटलं की मूल गाईडाकडे पळणारच, कारण त्याचं उत्तर तयार मिळतं. ज्याचं उत्तर गाईडात सापडूच शकत नाही असं काही द्यावं लागतं. माझा अनुभव सांगतो, जरा लांबेल.

आमच्याकडं तंबाखू. निम्म्या मुलांच्या आया-आज्या वखारीत तंबाखू चाळायला जायच्या, नाहीतर दारात सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. एका वर्षी मी आठवीला इतिहासाचा निबंध दिला: ‘१९८१ साली आमच्या घरी काय झालं?’ इतकंच. त्या वर्षी तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीचा हमरस्ता अडवून धरला होता. आठवडे चाललं ते. बायका-पोरं घेऊन माणसं रस्त्यावर मुक्कामाला होती. एप्रिलमध्ये पोलिसांचा गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. मुलांच्या जन्माआधीची गोष्ट, पण प्रत्येक घरात कुणाला तरी आठवत होती.

एका मुलीनं लिहिलं, आज्जी म्हणते शंभर माणसं मेली. दुसऱ्यानं लिहिलं, आजोबा म्हणतात चार. वर्गात भांडण लागलं. मी निकाल दिला नाही. चार मुलांना घेऊन वाचनालयात गेलो, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढले, धूळ झाडली. आकडा मुलांनी स्वतः शोधला. मग ती मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ‘गुरुजी, म्हणजे आज्जी खोटं बोलली?’ त्यावर आम्ही दोन तास बोललो. आज्जी त्या गर्दीत होती, आरडाओरडा ऐकत होती. तिला शंभर वाटले हेही खरं, आणि १२ गेले हेही खरं. निबंधात दोन्ही लिहायचं, पण कुठली गोष्ट कुणाच्या तोंडची आणि कुठली कागदावरची, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. इतिहास म्हणजे काय, हे आठवीतल्या पोरांना मी त्या आठवड्यात शिकवू शकलो. सनावळ्यांच्या तक्त्यानं ते कधी जमलं नव्हतं.

तुमच्या खानापूरकडं तर देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर वीरगळ, म्हणजे लढाईत गेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, पडलेले असतात. लोक शेंदूर लावून पुजतात नाहीतर त्यावर धुणं आपटतात. मुलांना एक वीरगळ वाचायला शिकवा, खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहो. खालच्या लढाईत गायी दिसल्या तर तो गोधन वाचवताना गेलेला. हातात काय आहे, घोडा आहे का, तलवार आहे का धनुष्य, हे बघून मुलांना लिहू दे. नाव बहुतेक वेळा कोरलेलं नसतं. नाव माहीत नसलेल्या माणसावर निबंध लिहायचा म्हटलं की गाईड आपोआप मिटतं.

पालक, वडगाव

मी शिक्षिका नाही, पण मला वेगळं वाटतं म्हणून लिहिते. माझी मुलगी यंदा दहावीला आहे. एसएसएलसीच्या पेपरात निबंध तपासणाऱ्याकडं किती वेळ असतो? त्यांना प्रस्तावना, मुद्दे, समारोप दिसला पाहिजे. शेजारच्या मुलीनं मागं ‘माझी आई’वर मनापासून लिहिलं, मार्क कापले गेले. गुण गेले की कॉलेजच्या ॲडमिशनला तुमचा वीरगळ उपयोगी पडत नाही. घरी यंत्रमागाची खडखड रात्री दहापर्यंत असते, त्यात ती पाठ करते. तिला पाठ करण्याचा आधार वाटतो. तो आधार काढून घेऊ नका एवढंच म्हणणं.

निपाणीचे गुरुजी

ताई, तुमची काळजी बरोबर आहे. मीही पेपर तपासायला बसलो आहे. सांगाडा काढून घ्या असं मी म्हणत नाही, प्रस्तावना हवीच. पण तपासणारा एका बैठकीत पन्नास वेळा ‘अनन्यसाधारण महत्त्व’ वाचून थकलेला असतो. तिथं ‘आमच्या घरात रात्री दहापर्यंत माग चालतो आणि त्या तालावर मी अभ्यास करते’ असं एक वाक्य आलं तर तो पेन खाली ठेवून वाचतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वडगाव-शहापूरच्या साड्यांवर, मागाच्या कलेवर तुमची लेक जे लिहील ते दुसरं कोण लिहिणार? पाठ केलेलं राहू दे. त्यात घरची चार वाक्यं घालायला सांगा.

तालमीतला

बाई, तुमचा पोरगा खरं लिहिलाय. माझं सगळं आयुष्य बेळगावात मातीत गेलं म्हणून सांगतो. ‘पडलं तर लागत न्हाई, लागलं तर पिकत न्हाई’ हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. हे वस्तादाच्या तोंडचं आहे.

माती कशी करतात ते त्याला विचारू दे. तांबडी माती आणून बारीक चाळणीनं चाळायची, खडा राहिला नाही पाहिजे. मग तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर. मुरवायची. रोज सकाळी फावड्यानं खालवर करायची. नव्या पोराला पहिले पंधरा दिवस डाव शिकवत नाहीत, हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, खणायला लावतात. त्यातच खांदे तयार होतात. खोरं मारणं हाच पहिला डाव असं आमचे वस्ताद म्हणायचे. माती वास मारू लागली की आज ताक कमी झालंय हे कळायचं.

आणि डावांची नावं लिहू दे. पट, ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड, एकलांगी. आज्जाचा हुकमी डाव कुठला? प्रत्येक पैलवानाचा एक असतोच. तो डाव आज्जाला खुर्चीत बसून हातानं दाखवू दे, आणि पोरानं एकेक हालचाल लिहू दे: उजवा हात कुठं, पाय कुठं, नजर कुठं. लई अवघड लिखाण आहे ते. मला विचाराल तर पोराला लिहायला शिकवायचं असंल तर एक डाव लिहून दाखव म्हणा, वाचून दुसऱ्याला करता आला पाहिजे.

खाशाबा जाधवांवर मुलं एक ओळ लिहितात: १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते ठीक. पण हा माणूस मातीत वाढलेला आणि तिकडं गादीवर खेळला, हा फरक किती मोठा आहे ते तुमच्या पोराला कळंल. मातीत पाय रुततो, जोर मिळतो. गादीवर पाय सरकतो, सगळं वेगावर. शिवाय मातीत पाठ टेकली की कुस्ती निकाली, गादीवर गुणांचा हिशेब. जायला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. निबंध शिक्षकांकडं जायचा असतो, त्यात शिक्षकाची ही गोष्ट नसावी याचं मला वाईट वाटतं.

क्रिकेटवर माझा राग नाही. पण बेळगाव हॉकीचं गाव होतं हे आता पोरांना सांगावं लागतं. १९६४ साली टोकियोला भारतानं पाकिस्तानला १-० हरवून सुवर्ण घेतलं, त्या संघात आमच्या बेळगावचे बंडू पाटील होते. गोलात उभे होते शंकर लक्ष्मण, ते मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि त्या पलटणीचं केंद्र आमच्या कॅम्पाजवळ. गावातल्या पोरांनी सैन्यातल्या जवानांचा खेळ बघत हॉकी उचलली. हातात काठी घ्यायची म्हटलं की कुठल्याही वाकड्या फांदीची करायची.

त्या दोन खो-खोवाल्या मुलींना सांगा, खांबाजवळचं वळण कसं घेता ते लिहा. मी वाचीन.

शहापूरची वाचक

मला फक्त ‘गरडी’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे. बाकी गुरुजींनी सांगितलंच.

बाई, तो शब्द खोडू नका. ‘गरडी’ म्हणजे कन्नडमध्ये तालीम. मुलानं आईच्या बोलीतला शब्द बापाच्या भाषेतल्या निबंधात आणला, कारण त्याच्या घरात त्या जागेला तेच नाव आहे. आपण अण्णा म्हणतो, अक्का म्हणतो, तूप म्हणतो, अडकित्ता म्हणतो, हे सगळं कन्नडाच्या घरून आलेलं, आणि आता त्यावर कुणी लाल खूण करत नाही. गरडीनं काय पाप केलं?

आमच्या भागात भाषेवरून काय काय झालं आणि होतंय ते मी इथं उगाळत नाही. १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, आला की दोन्हीकडच्या घरांत काय वातावरण असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी शाळा टिकावी म्हणून मी स्वतः उन्हातान्हात उभी राहिले आहे. म्हणूनच सांगते, मराठी जपायची म्हणजे शेजारचा शब्द हाकलायचा असं नाही. आपल्या नाटकाचंच बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याला निमित्त झालं ते कानडी मुलुखातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचं. आणि संगीत नाटकाला वळण देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले कुठं? बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला, सौंदत्तीकडं. पुण्याच्या रंगभूमीवर १८८० साली जे ‘शाकुंतल’ उभं राहिलं त्याचा कर्ता आपल्या मलप्रभेच्या पाण्यावर वाढला. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, कविता लिहिली कन्नडात, आणि १९७३ चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला. तुमच्या मुलाच्या घरात दोन भाषा आहेत हे त्याचं वैगुण्य नव्हे.

हवा तर शब्द पुढच्या वाक्यात उलगडायला सांगा. ‘गरडी म्हणजे तालीम. आईच्या माहेरी असंच म्हणतात.’ झालं. परीक्षकालाही कळलं आणि आईही निबंधात आली.

आणखी एक सुचवते, कलावंत आणि इतिहास हे दोन विषय वेगळे ठेवू नका. एक वर्ष द्या: १९२४. त्या वर्षी ८ एप्रिलला बेळगावजवळच्या सुळेभावीला कोमकळींच्या घरी मुलगा झाला, तो पुढं कुमार गंधर्व. डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. तिथं स्वागतगीत गायला एक अकरा वर्षांची मुलगी उभी होती, गंगूबाई हनगल. अकरा वर्षांची! तुमच्या आठवीच्या मुलींपेक्षा लहान. एवढ्या माणसांपुढं गाताना तिच्या पोटात काय झालं असेल, हे तुमच्या स्नेहसंमेलनात गाणारी मुलगी लिहू शकेल. फक्त कल्पनेतलं आणि घडलेलं वेगळं ठेवायला सांगा, गुरुजी म्हणाले तसं.

लेखकांचंही तेच. ३८ वह्यांत इंदिरा संत किती? मला वाटतं एकही नसतील. बेळगावात राहिल्या, बेळगावात शिक्षिकांना शिकवलं, २००० साली गेल्या. ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमी मिळाली. त्यांची एकच लहान कविता फळ्यावर लिहा, कवयित्री कोण ते सांगू नका, आणि ‘यातला पाऊस आपल्या गावचा वाटतो का?’ एवढंच विचारा. खानापूरच्या पोरांना पाऊस कुणी शिकवायला नको.

बेळगावला आलात तर सार्वजनिक वाचनालयात या. १८४८ चं आहे. मुलांना घेऊन आलात तर अधिक बरं.

मलप्रभेकाठची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहायला जमलं नाही, पावसानं पूल पाण्याखाली होता आणि रेंजही नव्हती. काय काय झालं ते सांगते.

वही दुसऱ्याच दिवशी परत दिली. गुरुजी, तुमच्यासारखे समासात पेन्सिलीनं सहा प्रश्न लिहिले, लाल खूण एकही नाही. मुलानं वही उघडली, पानं पुढं-मागं केली, आणि पहिल्यांदाच आपणहून माझ्या टेबलाजवळ आला. म्हणाला, ‘बाई, चुका कुठं हाईत?’ मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते, आधी या सहाची उत्तरं आण.

आठ दिवसांनी साडेतीन पानं आली. माती हलशीच्या वाटेवरच्या एका शेतातून बैलगाडीनं आणायचे, दोन खेपा. ताक घरच्या म्हशीचं. आज्जाचा डाव ढाक. तो डाव त्यानं बारा ओळींत लिहिलाय. वर्गात दोन मुलांना उभं केलं आणि त्यानं वाचत वाचत त्यांच्याकडून करून घेतला. सातव्या ओळीशी दोघं अडकली, कारण डावा पाय कुठं ठेवायचा ते लिहायचं राहिलं होतं. घरी जाऊन आज्जाला विचारून आला. तालमीतले दादा, तुमच्यामुळे हे सुचलं.

लाकडांच्या प्रश्नाचं उत्तर वाचून मात्र मी वाचायची थांबले. ते त्याच्याच शब्दांत देते, यावेळी ‘आहे’ सगळीकडं बरोबर आलं आहे आणि आज्जाचं बोलणं अवतरणात, त्याच्या बोलीतच ठेवलं आहे:

‘बाबांनी गरडीत लाकडे ठेवली तेव्हा आज्जा काहीच बोलला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, “पोरं सगळी गोव्याला कामाला गेल्यात. कुणाला उतरवू मातीत? लाकडं तरी कोरडी ऱ्हाऊ देत.” गरडी म्हणजे तालीम. आईच्या माहेरी असेच म्हणतात.’

मुख्याध्यापकांनी हा खर्डा उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. तालुक्याला हाच पाठवायचा ठरला आहे. प्रस्तावना म्हणून एक परिच्छेद हवा असं ते म्हणाले. मुलानं लिहिला: ‘आमच्या घरामागे बारा हात लांब आणि बारा हात रुंद एक खोली आहे. तिला जमीन नाही, माती आहे.’ मला तर यापेक्षा चांगली सुरुवात सुचत नाही.

बाकी वर्गाचं एकदम सगळं बदललं असं नाही. नव्या विषयांवर निम्म्यांनी अजून गाईडच उतरवलंय. वीरगळाचा प्रयोग मात्र फार चांगला झाला. देवळामागचा दगड धुऊन काढला तेव्हा खालच्या चौकटीत खरंच गायी निघाल्या, आणि गुराखी घरातल्या एका मुलीनं त्यावर दोन पानं लिहिली. आजवर तिनं पाच ओळींच्या वर काही लिहिलं नव्हतं. खो-खोवाल्या मुलींपैकी एकीनं खांबावरचं वळण लिहिलंय, दुसरी म्हणते, ‘बाई, मला करता येतंय, सांगता येत न्हाई.’ तिला अजून वेळ देते. वडगावच्या ताई, दहावीच्या वर्गाला मी सांगाडा तसाच ठेवला आहे, फक्त मधल्या परिच्छेदात घरची चार वाक्यं सक्तीची केली. तुमच्या लेकीनं मागावर काही लिहिलं तर इथं टाका, माझ्या मुलींना वाचून दाखवीन.

आता एक मदत हवी आहे. आज्जांना बेळगावच्या आनंदवाडीच्या मैदानात झालेली त्यांची एक निकाली कुस्ती आठवते, पण साल आठवत नाही. बक्षिसाला रेवड्या असणाऱ्या पोरांच्या कुस्तीपासून वर चढत ते तिथवर पोचले होते. ‘पानशेत फुटल्याच्या पुढच्या हंगामात’ असं म्हणतात, म्हणजे १९६१ नंतरचं. मुलाला निबंधात साल घालायचंच आहे, नुसत्या अंदाजावर तो तयार नाही. वाचनालयात त्या काळची वर्तमानपत्रं बघायला दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला घेऊन येणार आहे. पण तालमीतले दादा, किंवा इथं आणखी कुणी, तुमच्याकडं किंवा तुमच्या वस्तादांच्या ट्रंकेत आनंदवाडीच्या मैदानाची त्या वर्षांतली हँडबिलं असली तर कळवा. जोडीची नावं छापलेली असतात ना त्यावर?